ऊन, बर्फ आणि हवेतला ओलावा

भारताची मुख्य भूमी साधारण ८ ते ३७ उत्तर अक्षांशांदरम्यान पसरली आहे आणि तिची उंची समुद्रसपाटीपासून कांचनजंगाच्या ८,५८६ मीटरपर्यंत चढत जाते. मे महिन्यातल्या एकाच दुपारी चंद्रपुरात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात असतो, रत्नागिरीत ३३-३४ वर थांबलेला असतो, महाबळेश्वरात तिशीच्या आसपास रेंगाळतो, आणि हिमाचल प्रदेशात रोहतांग खिंडीच्या रस्त्यालगत यंत्रांनी कापलेल्या बर्फाच्या भिंती उभ्या असतात. हा फरक कशामुळे, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: दक्षिणेला गरम, उत्तरेला थंड, खाली गरम, वर थंड. ते खरे आहे, पण त्याने फार थोडे उलगडते. देशातले सर्वाधिक तापमान विषुववृत्ताजवळच्या केरळात नोंदले गेलेले नाही. ते १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदी येथे नोंदले गेले, ५१ अंश. लेह श्रीनगरपेक्षा कितीतरी थंड आहे, पण बर्फ श्रीनगरला जास्त पडतो. शिमला आणि दार्जिलिंग जवळजवळ सारख्याच उंचीवर वसली आहेत. शिमल्यात बहुतेक हिवाळ्यांत बर्फ पडतो, दार्जिलिंगकरांना मात्र त्यासाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. तापमापकावरचा आकडा एकटा यातले एकही कोडे सोडवत नाही. त्या ठिकाणच्या हवेत पाणी किती, ते कुठून आले आणि वाटेत कोणत्या डोंगराने ते अडवले, हे पाहिल्यावरच उन्हाळ्याचा आणि बर्फाचा नकाशा वाचता येतो.

आकड्यांविषयी आधी थोडे सांगायला हवे, कारण तुलना त्यांच्यावरच उभी राहते. हवामान खाते जाहीर करते ते कमाल तापमान उन्हातले नसते. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत आणि वाऱ्याला वाट ठेवून तापमापक टांगलेला असतो. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. डांबरी रस्ता, पत्र्याचे छप्पर, नांगरून पडलेले काळे रान त्याच वेळी यापेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. दुपारी बाहेर फिरलेल्या माणसाला ‘आज पन्नास असेल’ असे वाटते आणि रात्रीच्या बातम्यांत ४४ सांगतात, तेव्हा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. उपकरणही कधी फसते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. तिथला संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता, असे तपासात निघाले.

उष्णतेची लाट कशाला म्हणायचे, याच्या व्याख्येतच प्रादेशिक फरक मान्य केलेला आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्याशिवाय भारतीय हवामानशास्त्र विभाग लाटेचा विचार करत नाही. त्यापुढे ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर असावे लागते, फरक ६.४ अंशांहून अधिक झाला की लाट तीव्र ठरते. मैदानात पारा थेट ४५ ला पोहोचला, तर सरासरी काहीही असो, लाट मानली जाते. म्हणजे नागपूरकर मे महिन्यात ज्या ४२ अंशांना नेहमीचे ऊन म्हणतो, तेवढे तापमान अलिबागेत आपत्ती ठरते. ही व्याख्या शहाणपणाची आहे. शरीर, घरे, कामाच्या वेळा आणि पिके त्या त्या ठिकाणच्या सरासरीला सरावलेली असतात. त्रास होतो तो सरासरी मोडते तेव्हा.

उन्हाळा देशभर एकाच वेळी येत नाही. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. सूर्य केरळवर एप्रिलमध्ये डोक्यावर येतो, पुणे-मुंबईवर मेच्या मध्याला, नागपूरवर मेच्या अखेरीस. दिल्लीवर तो कधीच नेमका माथ्यावर येत नाही. त्याच क्रमाने कडक उन्हाचा महिना पुढे जातो. केरळात मार्च-एप्रिल, मराठवाडा-विदर्भात मे, दिल्ली आणि पंजाबात मेचा उत्तरार्ध ते जून, काश्मीर आणि लडाखमध्ये जुलै. उन्हाळ्याचा शेवटही ठिकाणाप्रमाणे बदलतो, कारण तो पाऊस ठरवतो. मोसमी पाऊस सरासरीने १ जूनला केरळात, ११ जूनच्या सुमारास मुंबईत आणि जूनच्या अखेरीस दिल्लीत पोहोचतो. पश्चिम राजस्थानाला जुलै उजाडतो. वायव्य भारताच्या विक्रमी तापमानाचे मोठे कारण इथेच आहे. मे-जूनमध्ये दिवस मोठे असतात, आकाश निरभ्र असते, माती कोरडी ठाक असते आणि ढग अजून हजार किलोमीटर दूर असतात. मातीत ओल असली तर सूर्याची बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते. ओल नसेल तर सगळी उष्णता जमीन आणि तिच्यावरची हवा तापवते.

महाराष्ट्राला हा फरक शिकायला राज्याबाहेर जावे लागत नाही. नागपूरची उंची जेमतेम ३१० मीटर, समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर लांब. मे महिन्यात तिथले सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश असते आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घसरते. २३ मे २०१३ रोजी तिथे ४७.९ अंशांची नोंद झाली. मुंबईत मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांपुढे जात नाही, पण दुपारची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे पारा वर चढू देत नाहीत. म्हणूनच मुंबईचे विक्रमी तापमान मे महिन्यातले नाही. १४ एप्रिल १९५२ रोजी सांताक्रूझला ४२.२ अंश नोंदले गेले. मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी घाटापलीकडून कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावर यायला उशीर होतो. तेवढ्या दोन-तीन तासांत शहर भाजून निघते.

तरीही ४३ अंशांचे नागपूर आणि ३४ अंशांची मुंबई यांत शरीराला जास्त जड काय, याचे उत्तर आकड्यांच्या उलट निघू शकते. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून त्यावर वारा सोडला तर पारा जिथपर्यंत उतरतो, त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. घामाने शरीर किती थंड होऊ शकते, याचा हा अंदाज असतो. वीस टक्के आर्द्रतेच्या ४३ अंशांना ते सुमारे २५ येते. सत्तर टक्के आर्द्रतेच्या ३४ अंशांना सुमारे २९. नागपुरात घाम सुकतो आणि अंग गार होते. मुंबईत घाम निथळत राहतो, पण अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. ओल्या फुग्याचे तापमान ३५ ला पोहोचले तर धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही असे मानले जाते, आणि त्याच्या बरेच खालीही कष्टाचे काम जिवावर बेतते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानात भर उन्हात झालेल्या जाहीर समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरातले कमाल तापमान चाळिशीच्या खाली होते. किनाऱ्यावरच्या उन्हाळ्याकडे आकडा लहान म्हणून दुर्लक्ष करणे किती महागात पडते, हे त्या दिवसाने दाखवले.

कोरड्या आणि दमट उन्हातला हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो विदर्भातल्या घराच्या खिडकीत. मार्च संपता संपता माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. त्याच्या तीन बाजूंच्या जाळ्यांत वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक किसाच्या नव्या ताट्या बसवल्या जातात. तळाच्या टाकीतले पाणी छोटा पंप वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपत खाली येते आणि मागचा पंखा बाहेरची कोरडी, तापलेली हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. ती हवेतूनच घेतली जाते आणि खोलीत येणारा वारा दहा-बारा अंशांनी गार होतो. वाळा नवा असेल तर सगळे घर त्याच्या वासाने भरते. पण मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर नकोसा होतो. बाहेरची हवाच ओलसर झालेली असते, ताटीवरचे पाणी उडत नाही, खोली दमट होते आणि अंग चिकचिकते. मग पंप बंद करून नुसता पंखा चालवतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कूलर फारसा का रुजला नाही, याचे कारणही हेच. मातीच्या माठाचेही तसेच: अकोल्यात माठातले पाणी दातांना झोंबते, मालवणात ते जेमतेम निवते.

कोरडे ऊन निरुपद्रवी असते असा याचा अर्थ नाही. कोरड्या हवेत घाम इतक्या झटकन सुकतो की शरीरातून किती पाणी गेले हे कळतच नाही, आणि अंगाहून गरम वारा सुटला की तो उष्णता काढून नेण्याऐवजी अंगात भरतो. कान आणि डोके पांढऱ्या दुपट्ट्याने गुंडाळून बाहेर पडण्याची, घरी आल्यावर कैरीचे पन्हे घेण्याची विदर्भाची रीत या अनुभवातून आली आहे. उत्तर भारतातली लू हाही असाच कोरडा, अंगाहून गरम वारा. राजस्थानात दिवसा पन्नाशीला टेकलेला पारा निरभ्र आकाशाखाली रात्री पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतो. वाळू तापते लवकर आणि निवतेही लवकर. हा रात्रीचा दिलासा मोठ्या शहरांतून नाहीसा होत चालला आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीत एका रात्री किमान तापमान ३५.२ अंशांखाली उतरलेच नाही. काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहते, आणि लागोपाठ अशा रात्री आल्या की शरीराला सावरायला उसंत मिळत नाही.

देशातला सर्वांत घातक उन्हाळा मात्र वाळवंटात आढळत नाही. तो तेलंगण, आंध्र आणि ओडिशाच्या पट्ट्यात आढळतो, कारण तिथे अंतर्भागाची ४४-४६ अंशांची उष्णता आणि बंगालच्या उपसागराचा ओलावा एकत्र येतात. १९९८ साली ओडिशात आणि २०१५ साली आंध्र-तेलंगणात उष्णतेच्या लाटेने प्रत्येकी दोन हजारांहून अधिक बळी घेतले. चेन्नईचे भवितव्य दुपारच्या समुद्री वाऱ्यावर ठरते. तो वेळेवर आला तर पारा ३७-३८ ला थांबतो, पश्चिमेच्या वाऱ्याने त्याला रोखून धरले तर चाळिशी ओलांडतो. ईशान्येकडे उन्हाळा असा फारसा नाहीच. कालबैसाखीची वादळे एप्रिलपासूनच हवा निववतात आणि चेरापुंजीचे सरासरी कमाल तापमान तर पंचविशीही गाठत नाही.

बर्फाचा हिशेब वेगळा वाटतो, पण त्यातही निर्णायक ठरतो तो ओलावाच. बर्फ पडायला केवळ थंडी पुरत नाही. ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्याच्या आसपास हवी आणि त्याच वेळी हवेत भरपूर वाफ हवी. भारतात या दोन गोष्टी हिवाळ्यात एकत्र येतात त्या पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले हे कमी दाबाचे पट्टे इराण-अफगाणिस्तान ओलांडत, वाटेत कॅस्पियन आणि अरबी समुद्राकडचा ओलावा गोळा करत हिमालयाला धडकतात. डिसेंबर ते मार्चदरम्यान महिन्याला असे चार-सहा विक्षोभ येतात, पण सगळेच दमदार नसतात. मोसमी पाऊस आग्नेयेकडून वायव्येकडे जाताना विरत जातो. विक्षोभ नेमके उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दुबळे होतात. हिमालयाच्या दोन टोकांचे हिवाळे इतके वेगळे का, याचे उत्तर या एका गोष्टीत बरेचसे सापडते.

विक्षोभांचा पहिला मार बसतो तो पीर पंजाल रांगेला. गुलमर्ग २,६५० मीटरवर, याच रांगेच्या उतारावर आहे. चांगल्या हिवाळ्यात तिथे काही मीटर बर्फ साचतो. खाली १,५८५ मीटरवरच्या श्रीनगरला तो कमी मिळतो आणि कधी बर्फाऐवजी नुसता पाऊसच येतो. काश्मीरमधला कडाक्याचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो: चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. फेरन या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून हे सत्तर दिवस काढले जातात. इथे बाहेरच्या माणसाला चकवणारी एक गोष्ट घडते. ज्या रात्री बर्फ पडतो, ती रात्र तुलनेने उबदार असते, कारण ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात. आकाश मोकळे झाले की पारा कोसळतो, नळ गोठतात आणि दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो. चिल्लई कलानमध्ये पडलेल्या बर्फाला काश्मिरी शेतकरी विशेष मोल देतो, कारण तो टणक होऊन डोंगरावर टिकतो आणि उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी पुरवतो. फेब्रुवारी-मार्चमधला बर्फ लगेच वितळून वाहून जातो.

श्रीनगरहून लेहकडे निघालेला रस्ता ३,५२८ मीटर उंचीच्या झोजिला खिंडीतून जातो आणि त्या चढणीवरच दोन वेगळे हिवाळे एकमेकांना भेटतात. खिंडीच्या अलीकडे सोनमर्गला देवदारांवर बर्फाचे ओझे असते. खिंडीच्या पलीकडे असलेल्या द्रासला तो भरपूर मिळतो आणि पारा उणे वीसच्याही खाली जातो. पण पुढे कारगिल ओलांडून लेह गाठेपर्यंत ढगांतले पाणी संपलेले असते. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाणी पडते. दुष्काळी समजल्या जाणाऱ्या सोलापूरच्या ते एक-पंचमांशही नाही. तिथली थंडी हाडे गोठवणारी, पण जमीन बहुतेक काळ उघडीच. हिमाचलात हाच प्रकार रोहतांगच्या अलीकडे-पलीकडे दिसतो. मनालीच्या बाजूला भरपूर बर्फ, लाहौलमध्येही पुष्कळ, पण त्याच्या पल्याडचे स्पिती जवळजवळ वाळवंट. लाहौलची गावे हिवाळ्यात महिनोन्‌महिने तुटलेली असत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यावर ते तुटलेपण संपले.

घरांची छपरे या हवामानाची सर्वांत विश्वासू नोंद ठेवतात. काश्मीरमध्ये छप्पर उभ्या उताराचे, पत्र्याचे. बर्फ साठून घर दबू नये म्हणून तो घसरून पडावा अशी योजना. लडाखमध्ये मात्र छत सपाट असते. लाकडी वाशांवर विलोच्या काड्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, आणि वर हिवाळ्यासाठी रचलेला चारा व सरपण. महाराष्ट्रात हीच जोडी दिसते, फक्त कारण पावसाचे. कोकणात उतरती कौले, आणि मराठवाडा-सोलापूरकडे पांढऱ्या मातीचे सपाट माळवद, ज्यावर उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळतात आणि रात्री अंथरुणे पडतात. लडाखच्या उणे वीस अंशांत आणि मराठवाड्याच्या ४२ अंशांत माणसांनी एकाच तऱ्हेचे छप्पर बांधले, कारण दोन्हीकडे आकाशातून पडणारे पाणी थोडे होते आणि मातीचा जाड थर थंडी व ऊन दोन्ही अडवतो. या छपरांवरचा विश्वास मोडला तो ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री, लेहजवळ ढगफुटी झाली तेव्हा. कोरड्या हवामानासाठी बांधलेली मातीची घरे चिखलाच्या लोंढ्यात वाहून गेली.

शिमला आणि दार्जिलिंगचे कोडे आता सुटते. दोन्ही दोन ते सव्वादोन हजार मीटरवर, पण शिमला ३१ अक्षांशावर आणि विक्षोभांच्या मुख्य वाटेत आहे. दार्जिलिंग २७ अक्षांशावर, म्हणजे अधिक उबदार पट्ट्यात, आणि तिथवर पोहोचणारे विक्षोभ थकलेले असतात. सिक्कीम-अरुणाचलातही बर्फ आहे, पण तो बराच वर चढून गेल्यावर भेटतो. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे पूर्व हिमालयातल्या उंच हिमनद्यांवर बर्फाची मोठी भर पावसाळ्यात पडते. खाली मोसमी पाऊस कोसळत असतो तेव्हा वर तेच पाणी हिम होऊन उतरते. पश्चिमेकडच्या हिमनद्या हिवाळ्यात कमावतात आणि उन्हाळ्यात खर्च करतात, पूर्वेकडच्या हिमनद्यांची कमाई आणि खर्च एकाच ऋतूत चालतो. उन्हाळा थोडासा गरम झाला आणि हिमाऐवजी पाऊस पडला, तर पूर्वेचा तोटा दुहेरी होतो.

दक्षिणेत उटी, मुन्नार यांची उंची काही कमी नाही. मुन्नारजवळचे अनाईमुडी २,६९५ मीटर आहे. जानेवारीच्या पहाटे तिथली गवताळ कुरणे पांढरी होतात. महाबळेश्वरलाही वेण्णा तलावाच्या परिसरात स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठते आणि ‘महाबळेश्वरात बर्फ’ अशा बातम्या झळकतात. तो बर्फ आकाशातून पडलेला नसतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा शून्याला टेकते आणि तिच्यातलाच ओलावा पानावर गोठतो. हवामान केंद्राच्या पेटीत त्या वेळी पाच-सहा अंशही असू शकतात. या पट्ट्यात हिवाळी आकाशात शून्य अंशाची पातळी चार-साडेचार किलोमीटर उंच असते, त्यामुळे वरून निघालेले हिम जमिनीवर पोहोचण्याआधीच पाणी होते. राजस्थानातल्या चुरूसारख्या ठिकाणी, जिथे २८ मे २०२४ रोजी ५०.५ अंश नोंदले गेले, हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो; पण तिथे ओलाव्याची चणचण, म्हणून पिकांवर गोठलेले दव आणि त्याने जळालेली पाने एवढाच बर्फ.

महाराष्ट्रात बर्फ पडत नसला तरी हिमालयातल्या बर्फाचा धक्का इथपर्यंत बसतो. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे थंड वारे खाली उतरतात. हिमाचलात बर्फ पडल्याच्या बातमीनंतर दोन-तीन दिवसांनी धुळे, नाशिक आणि निफाडचा पारा घसरतो, तो यामुळे. निफाडच्या द्राक्षबागांत ऐन पाणी भरण्याच्या अवस्थेतले मणी अशा रात्री तडकतात. बागायतदार बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि पहाटे ठिबक सुरू ठेवतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्षोभांचे वारे समुद्रावरून आलेल्या दमट हवेला भिडले की गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने रब्बी पिके आणि फळबागा झोडपून काढल्या. गार आणि हिम यांत गल्लत होऊ नये. गार उन्हाच्या उष्णतेने उभ्या राहिलेल्या उंच ढगात घडते आणि काही मिनिटांत कोसळते, तर हिम थंड हवेत हळूहळू उतरते.

हिमाचे खरे मोजमाप त्याच्या जाडीने होत नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ दहा सेंटिमीटर साचला तर तो वितळून साधारण एक सेंटिमीटर पाणी मिळते. दबलेल्या, जुन्या बर्फात पाणी कितीतरी जास्त असते. हे पाणी हाती येते नेमके उन्हाळ्यात, आणि इथे देशाच्या दोन भागांचे नशीब वेगळे होते. एप्रिल-मे महिन्यांत गोदावरी आणि कृष्णा आटत जातात, कारण त्या केवळ पावसावर जगतात. मराठवाड्यात टँकर सुरू होतात. त्याच आठवड्यांत चिनाब, बियास आणि सतलज वितळलेल्या बर्फाने फुगत असतात. ऊन जितके कडक, तितके त्यांना पाणी जास्त. लडाखमध्ये मात्र पेरणी मे महिन्यात आणि हिमनद्यांचे भरपूर पाणी जूननंतर, अशी अडचण येते. ती सोडवण्यासाठी अभियंते सोनम वांगचुक यांनी २०१३ नंतर हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी नळातून फवारून शंकूसारखे बर्फाचे मनोरे उभारण्याचा प्रयोग केला. शंकूच्या आकारामुळे उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो आणि बर्फ वसंतापर्यंत टिकतो.

उत्तरेच्या बर्फाचा आणि दख्खनच्या उन्हाळ्याचा संबंध शोधण्याचा पहिला गंभीर प्रयत्न दुष्काळातून झाला. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त झाले होते. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असे मांडले की हिमालयात हिवाळी बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला तर त्या वर्षी पाऊस कमी पडतो. ताजा बर्फ सूर्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो आणि वितळतानाही प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी खातो. त्यामुळे आशियाची भूमी उशिरा तापते, वायव्येकडचा उष्णतेचा कमी दाब दुबळा राहतो आणि समुद्रावरून वाफ ओढणारी ताकद घटते. या आधारावर १८८६ मध्ये पावसाचा पहिला हंगामी अंदाज जाहीर झाला. पुढच्या शतकात हा संबंध काही दशके ठळक तर काही दशके पुसट दिसला आणि आज तो अनेक घटकांपैकी एक मानला जातो. तरी राजस्थानचे ऊन, हिमालयाचा बर्फ आणि महाराष्ट्राचा पाऊस एकाच यंत्रणेचे भाग आहेत ही दृष्टी तिथूनच आली. योगायोग असा की खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला हलवले गेले. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडी अजूनही ‘सिमला ऑफिस’च आहे.

गेल्या काही वर्षांत या यंत्रणेतले ऊन आणि बर्फ हे दोन्ही भाग सरकताना दिसत आहेत. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचे दाणे भरण्याआधीच वाळले आणि त्या मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्गचे उतार तपकिरी पडले होते, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नसल्याने तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. शहरांनी उन्हाकडे आपत्ती म्हणून पाहायला सुरुवात केली ती अहमदाबादपासून. मे २०१० मध्ये तिथे तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. २०१३ साली त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला: आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, बांधकामाच्या वेळांत बदल. महाराष्ट्रात नागपूरसह अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. हे आराखडे उपयोगी आहेतच. पण कोरड्या प्रदेशासाठी ठरवलेली पाऱ्याची पातळी कोकणातल्या शहराने जशीच्या तशी उचलली तर इशारा द्यायचा दिवस निघून जातो. तिथे आर्द्रता धरूनच पातळी ठरवायला हवी.

शेतकऱ्यांनी ऊन-थंडीतला हा बदल आपल्या परीने वाचला आहे. सफरचंदाच्या जुन्या जातींना फुलोऱ्यापूर्वी सात अंशांखालची हजारभर तास थंडी लागते. हिमाचलात खालच्या उतारांवरच्या बागांना ती पुरेनाशी झाल्यावर लागवड वर किन्नौर, लाहौल आणि स्पितीकडे सरकली, आणि ज्या खोऱ्यांत पूर्वी बटाटा आणि वाटाणा होता तिथे सफरचंदाची झाडे उभी राहिली. दुसरीकडे बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमान शर्मा या शेतकऱ्याने फारच थोड्या थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात तयार केली. ती मैदानी प्रदेशांतल्या कडक उन्हातही तग धरते, आणि महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनीही आता तिची लागवड करून पाहिली आहे.